तहानेला विचारा

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी शेजारच्या काकूंकडे गेले आणि आलेल्या बायकांसाठी भरून ठेवलेला पाण्याचा अख्खा जग एकटीने संपवला. आधी एक पेला, मग दुसरा, मग तिसरा. काकू वाणाच्या वाट्या आणायला आत वळल्या, तेवढ्यात मी जगच तोंडाला लावला. दुष्काळाचं वर्ष होतं. शहराच्या कडेला देवळाईकडच्या आमच्या प्लॉटिंगमध्ये, म्हणजे नव्या वस्तीत, नळ अजून आलाच नव्हता, आठवड्यातून दोनदा टँकर यायचा. काकूंनी बाहेर येऊन रिकामा जग पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मॅडम, तिळगूळ लई गोड झाला व्हय?" सगळ्या हसल्या, मीही हसले. घरी आले आणि चपला काढायच्या आधी आणखी दोन तांबे प्यायले.

पाणी पिण्याची एखाद्याला लाज वाटू शकते, हे तोवर मला माहीत नव्हतं. पुढचे तीन महिने मी चोरून पाणी प्यायले. त्या तीन महिन्यांत मला कोणी सांगितलं असतं की बाई, हा आजार आहे, याला नाव आहे आणि गोळीसुद्धा आहे, तर बरंच काही टळलं असतं. तसं सांगायला कोणी भेटलं नाही, म्हणून आता मीच लिहिते आहे. तुमच्या घरात कोणी असं पाणी पीत असेल तर त्यांना हसण्याआधी एवढं वाचा.

मी करमाडच्या बाजूला एका शाळेत शिकवते. घरात आम्ही चौघं. माझे यजमान शेंद्र्याला एका कारखान्यात आहेत. आमच्याकडे नवऱ्याचं नाव लिहायची पद्धत नाही असं नाही, पण मला 'हे' म्हणायची सवय आहे, तेव्हा इथेही 'हे'च. मुलगी तेजू तेव्हा आठवीत होती. आणि माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते. फुलंब्रीकडे आयुष्य शेतात गेलं, गुडघे बोलायला लागले तेव्हा आमच्याकडे शहरात आल्या. स्वभावाने कडक, बोलणं त्याहून कडक.

माणशी एक कळशी

पाण्याचा कारभार आत्याबाईंकडे होता. बहात्तरचा दुष्काळ त्यांनी पोटाशी लेकरू घेऊन काढलेला. जायकवाडी तळाला गेल्याच्या बातम्या सुरू झाल्या तसा त्यांनी तेव्हाचाच नियम घरात लागू केला. वापरायचं पाणी ड्रममध्ये. प्यायचं पाणी माणशी एक कळशी. चार कळशा ओट्याखाली ओळीने, प्रत्येकीच्या तोंडाला वेगळ्या रंगाचं फडकं. माझं हिरवं. आपली संपली की दुसऱ्याच्या कळशीला हात लावायचा नाही. नियम सगळ्यांना सारखा होता, आणि खरं सांगायचं तर स्वतःसाठी त्यांनी सगळ्यात लहान कळशी घेतली होती.

माणसाला दिवसाला एक कळशी पाणी भरपूर झालं. ह्यांची अर्धी उरायची. माझी कळशी सकाळच्या शाळेला निघेपर्यंत रिकामी.

त्यानंतर दिवसभर मी काय काय प्यायले त्याची यादी देत नाही, थोडंच सांगते. फ्रीजमधला बर्फ चमच्याने खरवडून खाल्ला. पाहुण्यांचा म्हणून झाकून ठेवलेला तांब्या प्यायले आणि ड्रममधल्या पाण्याने परत भरून ठेवला. आणि एकदा, लिहितेच आता, तुळशीला घालायला ठेवलेलं तांदळाचं धुवण प्यायले. ते गार होतं. मला गारच लागायचं. कोमट पाण्याने तहान हलायचीसुद्धा नाही.

पाणी आत गेलं की तितकंच बाहेर. शाळेतून घरी यायला तास-सव्वा तास लागायचा, त्यात दोन गाड्या बदलायच्या. रस्त्यात बाईमाणसाने कुठे जायचं? चिकलठाण्याजवळ एका हॉटेलवाल्याच्या बायकोशी मी मुद्दाम मैत्री केली, ती निव्वळ तिच्या संडासासाठी. देव तिचं भलं करो, तिने कधी कारण विचारलं नाही.

घरात मात्र विचारणं चालूच होतं. माझ्या सारख्या उठण्याने झोपमोड होते म्हणून हे हॉलमध्ये झोपायला लागले. आत्याबाई मोरीकडे कान लावून असायच्या. "मोरीत कोण पाणी सांडू राहिलं सारखं?" त्यांना वाटायचं मी पाणी वाया घालवते. त्या तसं तोंडावर म्हणाल्यासुद्धा. "शाळामास्तरीण झाली म्हून काय झालं, पाण्याची किंमत नाय कळली हिला." त्या दिवशी मी रडले. आणि रडताना मनात आलं की एवढं पाणी डोळ्यांतूनही जातंय आता.

शुगर नाही ना, मग झालं

शाळेत माझ्या शेजारच्या वर्गावर शेख मॅडम होत्या. त्यांनी दोन आठवडे माझं पाणी पिणं पाहिलं आणि एका मधल्या सुट्टीत दार लोटून म्हणाल्या, "मॅडम, तुमे शुगर चेक कराव ना. मेरी खाला कू बी ऐसाइच हुआ था, पानी पे पानी, पानी पे पानी." आणि त्या दिवसापासून माझ्यासाठी घरून गार पाण्याच्या दोन बाटल्या आणायला लागल्या. त्यांच्याकडेही टँकरच होता.

शुगर तपासली. अगदी व्यवस्थित. घराजवळच्या डॉक्टरांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "शुगर नाही ना, मग झालं. टेन्शन आहे. पाणी पिण्याची सवय लागलीय तुम्हाला. मन घट्ट करा, हळूहळू कमी करा." त्यांनी दुसरं काही विचारलं नाही, मीही दुसरं काही सांगितलं नाही. माझा त्यांच्यावर राग नाही. दवाखान्याबाहेर वीस माणसं ताटकळत बसली होती, आणि मला स्वतःलाही ती सवयच वाटत होती.

मन घट्ट करायचा मुहूर्त एप्रिलमध्ये लागला. त्या दुपारी शाळेतून आले, घरी कोणी नव्हतं, आणि मी तेजूच्या कळशीचं पिवळं फडकं सोडलं. दोन पेले घेईन म्हटलं होतं. कळशी रिकामी झाली तेव्हा भानावर आले. तेजू क्लासहून लालबुंद होऊन आली, तिने कळशी कलती केली, आत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. काही बोलली नाही. फडकं होतं तसं बांधून ठेवलं आणि पंख्याखाली जाऊन बसली.

आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. स्वतःच्या लेकराच्या तोंडचं पाणी प्यायलेली आई, हे माझ्याबद्दल मला सहन होईना. मी ठरवलं, आता एकच कळशी. मेले तरी एकच.

आत्याबाईंचा हिशेब

पहिला दिवस निभावला. दुसऱ्या दिवशी जीभ टाळ्याला चिकटायला लागली, तरी मी कळशीत पाणी उरवून दाखवलं. मला त्याचा अभिमान वाटला, तोही सांगते. तिसऱ्या दिवशी वार्षिक परीक्षेचे पेपर तपासताना शंभरपैकी गुणांच्या जागी मी मुलांचे हजेरी क्रमांक लिहीत होते. शेख मॅडमनी माझ्या हातातला पेन काढून घेतला आणि मला रिक्षाने घरी आणून सोडलं. पुढचं मला तुटक आठवतं. मी आत्याबाईंना "बाई, आत येऊ का?" असं विचारलं म्हणे, शाळेतल्या मुलासारखं.

ह्यांनी कारखान्यातून येऊन मला मोठ्या दवाखान्यात नेलं. आत्याबाई मागे लागून आल्या. तिथे एक डॉक्टरबाई होत्या, वयाने माझ्याहून लहान. रक्तातलं सोडियम फार वर गेलंय, म्हणजे अंगातलं पाणी फार कमी झालंय, एवढं त्यांना लगेच कळलं. उन्हाने झालं असेल, त्या म्हणाल्या. किती पाणी पितात ह्या? हे आत्याबाईंकडे बघायला लागले. ह्यांना काय माहीत असणार?

आत्याबाई म्हणाल्या, "मी सांगते. परवा एक कळशी पिली. काल कळशीत चार बोटं पाणी उरलं. आज सकाळपासून दोन पेले. पण बाई, पाणी पीत नाय अन् मोरीत तर सारखी जाती. काल सोळा बारी गेली. आज घरी आल्यापासून पाच. हे पाणी येऊ कुठून राहिलं, ते सांगा मला."

डॉक्टरबाई लिहिता लिहिता थांबल्या. "आजी, तुम्ही मोजलंत?"

"दुष्काळात मोजावंच लागतं."

पाण्यावाचून कोरडा पडलेला माणूस लघवी धरून ठेवतो, गडद, थोडी थोडी. माझी नितळ पाण्यासारखी धो धो चालली होती. डॉक्टरबाई नंतर मला म्हणाल्या, "या आजाराची एक तपासणी असते. पेशंटचं पाणी तोडून काही तास दवाखान्यात बसवतो, आत-बाहेरचं मोजत राहतो. तुम्ही ती घरी तीन दिवस केलीत, आणि नोंद आजींनी ठेवली. पुन्हा असला उद्योग करू नका. जीव गेला असता."

मग त्यांनी विचारलं, "मध्यंतरी डोक्याला मार वगैरे लागला होता का?"

हे नाही म्हणायला तोंड उघडत होते आणि तसेच राहिले. डिसेंबरात बीड बायपासला पाण्याच्या पाइपासाठी रस्ता खणलेला होता. ह्यांच्यामागे गाडीवर बसलेली मी त्या चरात पडले होते. डोक्याला टेंगूळ, चार टाके, एक दिवस दवाखाना. टाके निघाले आणि आम्ही सगळे ते विसरून गेलो. तहान त्यानंतर आठवड्याभरात सुरू झाली होती. कोणाच्याच डोक्यात हे दोन्ही एकत्र आले नाहीत, ज्या डोक्याला लागलं होतं त्याच्याही नाही.

हे त्या चराबद्दल अजून स्वतःला बोल लावतात. मी सांगते, अहो, पाण्याच्या खड्ड्यात पडून तहान घेऊन उठणारी बायको अख्ख्या जिल्ह्यात तुम्हालाच मिळाली.

वॉर्डातली मावशी

वॉर्डात सकाळी सहाला दिवे लागायचे आणि सिस्टरची ट्रॉली यायची. पाणी प्यायलं की कागदावर लिहायचं. लघवी प्लॅस्टिकच्या मापात करायची, सिस्टर ती उजेडाकडे धरून आकडा लिहायची आणि "वा मॅडम" म्हणायची. दर चार तासांनी रक्त. सोडियम एकदम खाली आणायचं नसतं, मेंदूला ते झेपत नाही, म्हणून सलाइन हळू आणि पाणी बेताने, पण हवं तेव्हा. माझ्या उशाशी गार पाण्याचा जग असायचा. तीन महिन्यांत पहिल्यांदा माझं असं पाणी, ज्याला कोणी काही म्हणणार नव्हतं.

तरी मी भिंतीकडे तोंड करून, पदराआड प्यायचे. सवय मोडत नव्हती, आणि दुसरं कारण शेजारच्या खाटेवर होतं. लासूर स्टेशनच्या एक मावशी तिथे होत्या. मूत्रपिंडं निकामी झालेली, डायलिसिस सुरू. त्यांना दिवसाला जेमतेम दोन पेले पाणी मिळायचं, तेही औषधांसकट. त्यांच्यासमोर मी कशी पिणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या म्हणाल्या, "काय लपवू राहिली गं मघापासून?"

"काही नाही मावशी. पाणी."

"मंग पी की उघडं. मी काय हिसकून घेणार हाय?"

मी ओशाळून वळले. मावशींनी ओठावरून जीभ फिरवली. ती कोरडी जीभ मी ओळखत होते, तीन दिवस माझ्याच तोंडात होती.

"हिकडं तोंड करून पी. घोट जाताना बघितलं की मलाबी जरा गार वाटतं." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुझं पाणी थांबत नाय, माझं निघत नाय. आपल्या दोघींची मिळून एक धड बाई झाली असती बघ."

आम्ही दोघी इतक्या हसलो की सिस्टर ओरडत आली. त्यानंतर मी त्यांच्याकडे तोंड करून, पदर न घेता पाणी प्यायले. दुखण्यात मला मिळालेली ही पहिली मोकळीक. ज्या बाईला पाणी तोडलं होतं तिने ती दिली, हे मी विसरणार नाही.

दोन फवारे

त्याच संध्याकाळी डॉक्टरबाईंनी माझ्या नाकात औषधाचे दोन फवारे मारले आणि म्हणाल्या, "आता बघू."

तासाभराने नेहमीची कळ यायला हवी होती. आली नाही. दोन तास झाले. मी उशाशी ठेवलेल्या पाण्याच्या जगाकडे पाहिलं, आणि मला पाणी नको होतं. त्याचं वर्णन करता येणार नाही नीट. कानाशी महिनोन्‌महिने चाललेली गिरणी कोणीतरी बंद करावी, तसं झालं. सिस्टर माप घेऊन आली आणि रिकामी परत गेली. मी तेव्हा रडले, आणि या वेळी वाईट वाटून नाही.

आजाराचं नाव डायबेटिस इन्सिपिडस. नावात डायबेटिस आहे म्हणून सगळे साखरेचंच विचारतात. साखरेशी याचा काही संबंध नाही. डॉक्टरबाईंनी मला समजावलं ते मी शिक्षिकेच्या सवयीने लक्षात ठेवलं आहे. रक्तातलं पाणी आणि मीठ यांचं प्रमाण शरीर फार काटेकोर सांभाळतं. पाणी जरासं कमी झालं की मेंदू दोन कामं करतो. माणसाला तहान लावतो, आणि मूत्रपिंडांना निरोप धाडतो की आता पाणी बाहेर सोडू नका. माझ्या डोक्याला लागलं तेव्हा तो निरोप बंद पडला. औषध म्हणजे तोच निरोप, बाहेरून पाठवलेला.

"तुमची तहान शाबूत होती म्हणून तुम्ही तीन महिने जगलात," त्या म्हणाल्या. "तुम्ही तिलाच खोटं ठरवलंत."

मी त्या खाटेवर पडून माझी त्रेचाळीस वर्षं आठवली. मे महिन्यातली लग्नं, तिथला मठ्ठा. निर्जळी एकादशी. तापातले दिवस. भाकरीबरोबर चाटलेलं खारट लोणचं, आणि परीक्षेच्या काळात दिवसच्या दिवस पाणी प्यायचं विसरलेली मी. मी काहीही केलं तरी आत कोणीतरी थोडं राखून, थोडं सोडून मला रोज जिथल्या तिथे आणून ठेवत होतं. माझ्या अंगात एक आत्याबाई होत्या म्हणायच्या, आणि माझ्या घरातल्या आत्याबाईंसारखंच त्यांनाही मी कधी धन्यवाद दिले नव्हते. ते मी त्या खाटेवर दिले, दोघींना, मनातल्या मनात.

पाणी, पाणी आणि पाणी

इथे गोष्ट संपायला हवी होती. गोळ्या घेऊन मी घरी आले. डॉक्टरबाईंनी निघताना बजावलं होतं, "तहान लागेल तेव्हाच प्या. जास्त नाही." मी हो म्हटलं होतं.

घरी आले तर ओट्याखाली कळशा नव्हत्या. आत्याबाईंनी फडकी काढून टाकली होती आणि एक मोठा माठ माझ्या पलंगाशी आणून ठेवला होता. दर अर्ध्या तासाला त्या तांब्या घेऊन यायच्या. "पी माय." मी म्हणायचे, आत्याबाई, आत्ताच घेतलं. "माझ्या हातचं पी एवढं." तांब्या माझ्या तोंडाशी धरूनच उभ्या राहायच्या. काय करणार? मी प्यायचे. सरबत, ताक, नारळपाणी. शेजारच्या काकूही जग भरून घेऊन आल्या, त्यांना त्या हळदीकुंकवाचं मनाला लागलं होतं. आमच्या लोकांत चूक झाली की माफी मागायची रीत नाही. हातात काहीतरी प्यायला देतात. ते नको म्हणणं म्हणजे माफी नाकारणं.

आणि मला स्वतःलाही भीती होती. गोळी चुकली तर? ती तहान परत आली तर? म्हणून मीही तहान नसताना पीत होते.

गोळीमुळे आता पाणी अंगात राहत होतं. सहाव्या दिवशी बोटातली अंगठी निघेना. डोकं ठणकायला लागलं, दोनदा उलटी झाली. आत्याबाई म्हणाल्या, उन्हाची बाधा, आणि आणखी एक पेला लिंबूपाणी दिलं. तेजूला मी माझ्या बहिणीच्या नावाने हाक मारली. तिने माझ्याकडे नीट पाहिलं, माझ्या हातातला पेला काढून घेतला आणि आजीला म्हणाली, "आजी, पाणी देऊ नको आता. ती परत तशी बोलायलीय." मग तिने वडिलांना फोन लावला. तेरा वर्षांच्या पोरीला जे दिसलं ते आम्हा मोठ्यांना दिसलं नाही.

पुन्हा तोच दवाखाना. या वेळी सोडियम फार खाली. पाणी बंद, गोळी थांबवलेली, आणि वॉर्डातले दोन दिवस. लासूरच्या मावशी घरी गेल्या होत्या. डायलिसिसला आल्या तेव्हा बाहेरच्या बाकावर भेटल्या, तोंडात बर्फाचा खडा होता. मी त्यांना म्हटलं, मावशी, आता माझंही पाणी तोडलंय. खडा गालात सरकवून त्या म्हणाल्या, "जमली मंग आपली जोडी."

डॉक्टरबाईंनी आत्याबाईंना समोर बसवलं. आत्याबाईंचा चेहरा मला पाहवत नव्हता.

"म्हंजी म्या कमी दिलं तवाबी वाईट अन् भरभरून दिलं तरीबी वाईट?"

"तुम्ही वाईट काहीच केलं नाहीत आजी. तुम्ही मोजलं म्हणून आजार सापडला. फक्त दोन्ही वेळा हिचं पाणी तुम्ही ठरवलंत. आता ते तिच्या तहानेला विचारा."

परत येताना रिक्षात आत्याबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. म्हणाल्या, "कळशी बांधून दिली तवा माझ्या मनात पाप नव्हतं गं."

"मला ठाऊक आहे, आत्याबाई."

"तुला मास्तरीण म्हून बोलले ते मातर पाप होतं."

मी त्यांचा हात हातात घेतला. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, मी त्यांच्या पाया कितीतरी वेळा पडले, पण हात पहिल्यांदाच धरला. तो सोडावा असं दोघींनाही वाटलं नाही, त्यामुळे घर आल्यावर उतरायला जरा अडचण झाली.

तुमच्यापैकी कोणाला असं होत असेल तर

शुगर व्यवस्थित आहे आणि तरी दिवसाला बादलीभर पाणी लागतं, पाण्यासारखी लघवी होते, तर त्याला सवय म्हणू नका. मोठ्या डॉक्टरांकडे जा आणि डोक्याला कधी लागलं असेल तर आपणहून सांगा. मन घट्ट करून पाणी तोडू नका. गोळी सुरू झाली की मात्र प्रेमाने दिलेला पेलासुद्धा तहान नसेल तर नको म्हणा. हे सगळ्यात अवघड आहे. मी युक्ती अशी केली की पेला घ्यायचा, ओठाला लावायचा आणि ठेवून द्यायचा. आणि पर्समध्ये आजाराचं नाव नि गोळीचं नाव लिहिलेला कागद ठेवा. माझ्या कागदाची एक प्रत शेख मॅडमकडे आहे. आपण बेशुद्ध असलो तर कागदाला बोलता यायला हवं.

ह्यांनी हॉलमधली गादी उचलली. तेजूशी मी त्या कळशीबद्दल बोलले, तिला म्हटलं, चुकलं माझं. ती म्हणाली, "मला वाटलं होतं तू मरणार, म्हणून मी बोलले नाही." तेरा वर्षांच्या जिवाने एवढं पोटात ठेवलं होतं. तेव्हापासून आमच्या घरात कोणी काही पोटात ठेवत नाही. भांडणं थोडी वाढली आहेत, पण ते परवडतं.

मे महिन्याच्या अखेरीस निकालाच्या कामासाठी मी पहिल्यांदा एकटी शाळेत गेले. भर दुपारी परत आले, रिक्षा मिळाली नाही म्हणून मुख्य रस्त्यापासून घरापर्यंत चालत. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. अर्ध्या वाटेत मला तहान लागली. मी तिथेच उभी राहिले. घाबरले आधी. मग लक्षात आलं की ही ती नाही. हिच्यात घाई नव्हती. उन्हात चाललेल्या कोणाही बाईला लागते तशी, साधी, चांगली तहान होती. पाच महिन्यांनी भेटली होती.

आत्याबाई दारात बसल्या होत्या. मला पाहून त्यांचा हात तांब्याकडे गेला आणि तिथेच थांबला. माझ्या तोंडाकडे बघत त्यांनी विचारलं, "लागली का?"

"लागली आत्याबाई."

त्यांनी पेला भरून दिला. मी उंबऱ्यावरच बसले आणि प्यायले. निम्म्यावर आले आणि तहान थांबली. आपली आपण. मी वाट पाहिली, ती परत आली नाही.

"पुरे," मी म्हटलं, आणि पेला उजेडाकडे धरून पाहिला. जानेवारीपासून पेल्यात पाणी उरलेलं मी पाहिलं नव्हतं.

आता त्या उरलेल्या पाण्याचं करायचं काय? दुष्काळात पाणी ओतून देत नाहीत, आणि माझ्या तोंडचं दुसरं कोण पिणार? आत्याबाई तर घरात कोणाचंच उष्टं घेत नाहीत, सुनेचं तर नाहीच. मी पेला बाजूला ठेवायला गेले. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, तोंडाला लावला आणि उरलेलं सगळं पाणी शांतपणे पिऊन टाकलं.

"गार हाय," त्या म्हणाल्या, आणि पदराने आधी माझं तोंड पुसलं, मग स्वतःचं.